दोन्ही हातांवर झेंडा

चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं म्हणून श्रावणात गावी गेले होते. जेवणं आटोपली, बायका सतरंजीवर आडव्या झाल्या आणि मी चपला पायात अडकवून शाळेकडे निघाले. आंधळगावच्या पुढे आमचं गाव. पूर्वी एसटी तिथंच सोडून द्यायची आणि धानाच्या बांध्यांमधून चालत यावं लागायचं. आता डांबरी रस्ता थेट शाळेच्या फाटकाशी येऊन थांबतो. पाऊस नुकताच उघडला होता. रोवणा झालेल्या बांध्यांत गुडघाभर पाणी होतं आणि त्यातून तो वास येत होता, चिखलाचा, कुजलेल्या पानांचा, कोवळ्या हिरव्याचा. तो वास नाकात गेला की माझे हात आपोआप ताठ होतात, तळवे वर वळतात. इतक्या वर्षांनीही.

शाळेच्या तीन खोल्यांवर स्लॅब पडली आहे, एक तेवढी अजून कौलारू आहे. तिच्या पडवीत एक तरुण मॅडम पोरांना दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाची तयारी करून दाखवत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही; मी बाहेरच, पडवीच्या पायरीशी उभी राहिले. ओल्या टाटपट्टीचा वास आला, खडूचा आला, आणि त्या दोन्हींच्या मागून खूप दुरून रिठ्याचा वास आल्यासारखं वाटलं. तो मात्र तिथं नव्हताच. तो आमच्या घरातला होता.

माझे वडील या शाळेचे हेडमास्तर होते. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि फाटकाच्या आत पाय टाकला की मीही गुरुजीच म्हणायचं, असा आमच्या घरचा कायदा होता. एकदा तिसरीत असताना माझ्या तोंडून वर्गात 'बाबा' निघून गेलं. त्या दिवशी मी मधल्या सुट्टीपर्यंत बाकाखाली बसून होते.

शाळेचं छत गळायचं, म्हणून झेंडा आमच्या घरी असायचा. धानाच्या ढोलीच्या वर एक फळी होती, घरातली सगळ्यात कोरडी जागा. तिथं पत्र्याची एक पेटी, पेटीत धुतलेल्या पांढऱ्या धोतराचा तुकडा, त्यात कडुलिंबाचा पाला, आणि मग तो. पेटी उतरवायची म्हणजे बाबा आधी आंघोळ करायचे. आई विटाळाची असली तर तिला त्या खोलीत यायला मनाई होती. हे कुठल्या नियमात लिहिलं होतं मला ठाऊक नाही. बाबांचे नियम बाबांच्या आतूनच यायचे.

झेंडा धुवायचा दिवस मला अजून आठवतो. आदल्या संध्याकाळी रिठे भिजत पडायचे. सकाळी बाबा घमेल्यात फेस काढायचे, पाणी कोमट आहे की नाही ते कोपराने पाहायचे, लहान बाळासाठी पाहतात तसं, आणि खादी त्यात सोडायचे. घासायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. ऊन लागू द्यायचं नाही. मधल्या खोलीत दोरी बांधून त्यावर तो सावलीत वाळायचा, आणि वाळेपर्यंत आम्ही भावंडं त्या खोलीतून वाकून जायचो. मग कोळशाची इस्त्री. बाबा इस्त्रीवर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकायचे, मग आधी स्वतःच्या धोतराच्या सोग्यावर फिरवून पाहायचे. धोतर जळलं तर चालेल. त्या इस्त्रीखालून वर येणारा ओल्या खादीचा गरम वास म्हणजे माझ्या लहानपणी मायेचा वास होता. बाबांची माया कशी असते हे मी त्या घमेल्याजवळ उभी राहून पाहिलं. आमच्या वाट्याला ती आली नाही, पण पाहायला मिळाली.

वर्गात झेंड्याचा तास शनिवारी असायचा, सकाळची शाळा सुटायच्या आधी. खरा झेंडा शिकण्यासाठी वापरायचा नाही. म्हणून एका रविवारी बाबांनी आईच्या लुगड्यांच्या गाठोड्यातून तिचं लग्नातलं लुगडं काढलं आणि कात्रीने त्याचा तुकडा कापला. तिला विचारलं नाही. ती चुलीशी बसून पाहत होती. तिने एवढंच म्हटलं, "पदर तरी ठेवा जी." तेव्हा कात्री पदरावरूनच चालली होती, कारण पदराचं कापड चांगलं जाड होतं. त्या तुकड्यावर बाबांनी खडूने झेंड्याच्या तीन पट्ट्या आखल्या, मधोमध गोल काढला. मग वर्षानुवर्षं वरच्या वर्गांतली पोरं त्या तुकड्याची घडी घालायला शिकली. आधी केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याच्या खाली वळवायची, मग दोन्ही बाजू चक्राकडे आणायच्या, शेवटी पांढऱ्यावर नुसतं चक्र दिसलं पाहिजे. मग दोन्ही तळव्यांवर घेऊन चालायचं. काखेत मारायचा नाही, खांद्यावर टाकायचा नाही. छातीसमोर, दोन्ही हातांवर.

तुकडा खाली पडला की सगळी रांग मार खायची. छडी बेशरमाची असायची, तलावाच्या काठावरून ताजी तोडून आणलेली. तिचा पांढरा चीक हाताला लागायचा आणि वळ उठलेल्या जागी आणखी आग व्हायची. मार झाला की लगेच त्याच हातांनी पुन्हा घडी घालायची. "सुजलेले हात सावकाश चालतात," बाबा म्हणायचे, "सावकाश हातानंच घडी चांगली बसते." आणि ती खरंच चांगली बसायची.

कुंदा माझ्या वर्गात होती. कोष्ट्यांच्या आळीतली. तिच्या घरात शिरलं की मागाचा खटक-खटक आवाज अंगावर यायचा, आणि त्या आवाजात तिची माय इतक्या मोठ्याने बोलायची की नवख्याला भांडण चाललं आहे असं वाटावं. कुंदा सडपातळ, उंच, आणि तिच्या बोटांना कधी घाई दिसायची नाही. बाबांच्या छडीखाली सगळ्यांत कमी आलेली मुलगी तीच. झेंड्याच्या दोरीची गाठ, खाली घट्ट बसणारी आणि एका हिसक्यात सुटणारी, वर्गात फक्त तिला जमली. पहिल्यांदा जमली तेव्हा बाबांनी छडी टेबलावर ठेवून ती गाठ स्वतः ओढून पाहिली, पुन्हा बांधायला लावली, पुन्हा ओढली. कुंदाचा चेहरा त्या दिवशी असा फुलला होता की मला तिचा हेवा वाटला. घराकडे जाताना ती म्हणाली, "मी मास्तरीण होतो पाहा. तुह्या बाबासारखी. पोरायले झेंडा शिकवीन."

"मारशील का?" मी विचारलं.

तिने खरोखर विचार केला. "थोडसं," म्हणाली.

दोन वर्षं झेंडा तीच बांधायची. जानेवारीत लाखोरीच्या शेतांवर धुकं असताना आम्ही दोघी अनवाणी शाळेत जायचो, ती पुढे, दोन्ही हातांवर झेंडा, मी मागे, परडीत शेवंतीच्या पाकळ्या. पाकळ्या घडीच्या आत ठेवायच्या, झेंडा उघडला की त्या डोक्यांवर पडल्या पाहिजेत. ऑगस्टमध्ये शेवंती नसायची, तेव्हा झेंडू, नाहीतर बांधावरचा तेरडा. तेरड्याच्या पाकळ्या ओल्या व्हायच्या आणि बोटांना चिकटायच्या. वाटेतली माणसं थांबायची, एखादा म्हातारा पागोटं सावरून हात जोडायचा. कुंदा कोणाकडे पाहायची नाही. तिची नजर चक्रावर असायची.

आम्ही सातवीत होतो तेव्हा आणीबाणीचे दिवस होते. साहेब लोक वेळी-अवेळी शाळा तपासायला यायचे, आणि बाबा आणखी ताठ झाले होते. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला तालुक्याहून एक अधिकारी झेंडा फडकवायला येणार होते. आठवडाभर झड लागली होती. कौलांतून, पागोळ्यांतून, चिंचेच्या झाडातून पाणी नुसतं गळत होतं. चौथऱ्याला दिलेला चुना वाहून खाली पांढरं डबकं झालं होतं. पहाटे कुंदाने झेंडा बांधला, बाबांनी गाठ तपासली, मान हलवली. झेंड्याची पुडी खांबाच्या टोकाला चढली आणि आम्ही रांगा धरून उभे राहिलो.

साहेबांची जीप नाल्यात अडकली. ते बैलगाडीतून आले, फार उशिरा. तोवर दोर भिजून फुगला होता, सापासारखा जाड दिसत होता. साहेबांनी छत्री कोणाच्या तरी हातात दिली आणि दोरी ओढली. पुडी हलली, उघडली नाही. पुन्हा ओढली. वरची गरारी नुसती कुरकुरली. सगळी शाळा माना वर करून पाहत होती, तोंडावर पाऊस पडत होता. बाबांच्या गालाची शीर उडताना मला माझ्या रांगेतून दिसत होती. मग साहेबांनी दोन्ही हातांनी जोराचा हिसका दिला.

झेंडा उघडला, पण दोरीला राहिला नाही. लाल पाकळ्या खाली आल्या आणि त्यांच्या मागून तो आला, एका बाजूने फडफडत, जड होऊन.

कुंदा रांगेतून कधी सुटली ते मी पाहिलं नाही. ती चिखलात आडवी पडलेली दिसली, पोटावर, हात पुढे ताणलेले, आणि झेंडा तिच्या हातांवर होता. कोणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि थांबवली.

बाबा चौथऱ्यावरून उतरले. ओणवे झाले. तिच्या हातांवरून त्यांनी झेंडा उचलला, सावकाश, घमेल्यातून उचलायचे तसा. त्याचा कोपरा पाहिला. कोपऱ्याला चिखल होता. मग त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि मला बोलावलं, "इकडे ये. धर. दोन्ही हातांवर."

मी धरला. तोवर कुंदा उठून उभी राहिली होती. तोंडावर चिखल, पण डोळे हसरे, कारण तिने झेलला होता. "गुरुजी," ती म्हणाली, "गुरुजी, मी..."

बाबांनी उजवा हात मागे नेला आणि तिच्या डाव्या कानशिलावर झापड मारली. एकच. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही, ओला, आतून पोकळ. कुंदा खांबाला जाऊन लागली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि माझे दोन्ही हात झेंड्याखाली होते.

"असू द्या गुरुजी," साहेब म्हणाले, "मुलीची जात आहे." आणि त्यांनी रुमालाने आपले हात पुसले.

मळलेला झेंडा चढवायचा नाही, दुसरा झेंडा नाही. म्हणून आम्ही रिकाम्या खांबाला सलामी दिली आणि राष्ट्रगीत म्हटलं. कुंदानेही म्हटलं. तिचा सूर कुठल्या कुठे चालला होता. तिच्या कानातून रक्ताची एक बारीक रेघ मानेवर आली होती आणि पाऊस ती धुऊन टाकत होता, पुन्हा यायची, पुन्हा धुवायचा. मग कागदात शेव-बुंदी वाटली. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा तिलाही दिली.

त्या दुपारी आमच्या घरात रिठ्याचा वास भरला होता. बाबा जेवले नाहीत. घमेल्यापाशी बसून त्यांनी तो कोपरा बोटांच्या पेरांमध्ये धरून धुतला, पाणी बदललं, पुन्हा धुतला. डाग गेला. मधल्या खोलीत दोरीवर झेंडा वाळत होता तेव्हा मागच्या दाराशी कुंदाची माय आली. डोक्यावर पोत्याची घोंगशी, साडीचा काठ चिखलात. आईने तिला आत बोलावलं, ती आली नाही.

"पोरगी रडून राहिली का?" आईने विचारलं.

"नाही बाई. रडत नाही. कान धरून बसली आहे. लसूण घालून तेल गरम केलं, कानात टाकलं, तं भडभडा वकली." मग तिने आवाज खाली आणला, इतका की ती एरवी मागाजवळ ओरडून बोलते हे मला खरं वाटेना. "गुरुजींचा राग उतरला का जी? तिले उद्या शाळेत पाठवू का नको?"

बाबा आतून बाहेर आले. हात ओले होते. "पाठवा," ते म्हणाले. "कान बरा होते. डाग राहिला असता तर काय केलं असतं?"

"बरोबर आहे जी," कुंदाची माय म्हणाली, आणि घोंगशी पुढे ओढून पावसात गेली.

कान बरा झाला नाही. आधी वाहिला, श्रावण भाद्रपद सगळा वाहिला, तिच्या डोक्याभोवती माशा यायच्या आणि पोरं तिच्यापासून सरकून बसायची. मग वाहणं थांबलं आणि आत सगळं मिटून गेलं. उजव्या कानालाही मोठ्याने बोललेलं तेवढंच पोचायचं. कुंदाने घरी सांगितलं नाही, शाळेत सांगितलं नाही. ती पहिल्या बाकावर येऊन बसली आणि बाबांच्या तोंडाकडे पाहत राहायला लागली. टक लावून. बाबा फळ्याकडे वळून बोलले की तिची वही कोरी राहायची, आणि कोऱ्या वहीसाठी छडी.

"ऐकू येत नाही का?"

"येते जी."

महिनाभर असं चाललं. एका संध्याकाळी बाबा अंगणात पाय धूत होते तेव्हा मी म्हटलं, "बाबा, कुंदाले डाव्या कानानं ऐकू येत नाही."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "नाटक," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले, डाव्या अंगाला. आम्हाला गप्प बसायची खूण केली. मग हलकेच म्हणाले, "कुंदा." ती लिहीत होती. "कुंदा." तिची लेखणी चालू. वर्गात चिमणीचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता, आणि ती त्या शांततेत खाली मान घालून अक्षर वळवत होती, जिभेचं टोक ओठांवर. मागच्या बाकावरचं एक पोरगं हसलं. बाबांनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. टेबलाकडे परत गेले, खुर्चीत बसले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले, तास संपेपर्यंत.

त्यानंतर त्यांनी तिला कधी मारलं नाही. तिच्याशी ते बोललेही नाहीत. हजेरीत तिचं नाव आलं की पुढच्या नावावर जायचे. ती "हजर जी" म्हणायची ते त्या पुढच्या नावावर. जानेवारीत झेंडा बांधायला त्यांनी दुसऱ्याला निवडलं. आदल्या दिवशी कुंदा आमच्या दाराशी आली होती. न्हालेली, दोन वेण्या, हात धुतलेले. "गुरुजी, उद्या झेंडा न्यायले येऊ का जी?" बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर उलटला आणि पुन्हा तोंडासमोर धरला. तिला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. ते काही बोलले असतील, कागदामागे, असं समजून ती किती वेळ तिथं उभी राहिली. शेवटी आईने तिला गूळ-पोहे दिले आणि घरी पाठवलं.

सातवीनंतर ती मागावर बसली. शाळेत जाताना मला ती ओसरीत दिसायची, चरख्यावर सुताच्या कांड्या भरताना. मी उजव्या बाजूने हाक मारायची, ती हात हलवायची. मी आंधळगावला हायस्कुलात गेले, मग भंडाऱ्याला. सुट्टीत आले की तिच्या लग्नाची बोलणी मोडल्याचं कळायचं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि कोणीतरी मुद्दाम तिच्या पाठीमागून वाटी पाडायचं. शेवटी आंबागडच्या बाजूला एका बिजवराला दिली. जंगलात तेंदूपत्त्याचं काम करायचा. त्याची आधीची तीन लेकरं होती. तिची मास्तरीण व्हायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही, मीही नाही.

बाबा निवृत्त झाले तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी लाखांदूरला सासरी होते, एसटीने दोन ठिकाणी गाड्या बदलून आले. शाळेच्या पटांगणात मांडव, कण्यांची रांगोळी, भाड्याचा भोंगा. झाडीपट्टीतल्या मंडळींनी आपल्या दंडारीच्या नाटकाचा पडदा आणून मागे लावला होता. चार गावची माणसं आली होती, आणि मागच्या ओळीत, कडेवर लेकरू घेऊन, कुंदा. मी तिच्या उजव्या हाताला जाऊन बसले. ती सुकली होती, पण हसली ती तशीच.

बाबा बोलायला उभे राहिले. त्यांनी फार काही सांगितलं नाही. म्हणाले, "या शाळेत एक मुलगी होती. झेंडा पडत होता. तिनं चिखलात उडी घेतली आणि अंगावर झेलला. असे विद्यार्थी मी घडवले. याच्यापेक्षा जास्त मास्तराला काय पाहिजे?" टाळ्या पडल्या. कितीतरी वेळ पडल्या. ते झापडेचं बोलले नाहीत. मला वाटलं, कुंदा उठून जाईल. पण ती माझ्या कानाशी आली, डोळे भरलेले, आणि म्हणाली, "माहीच गोष्ट सांगून राहिले न व?"

मग लोक पाया पडायला ओळीने गेले, तीही गेली. मी बाजूलाच होते. ती वाकली, म्हणाली, "गुरुजी, मी कुंदा." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, जरा पुढे झुकले आणि हळू आवाजात बोलले. भोंग्यावर गाणी लागली होती. ती तशीच वाकलेली, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मागच्या माणसाने ढकललं, ती खाली उतरली.

"काय म्हणले गुरुजी?" तिने मला विचारलं.

"सुखी राहा म्हणाले."

"नाही," ती म्हणाली. लेकराला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं. "कोपरा टेकला होता, म्हणले. त्यायचे ओठ मले वाचता येते. सातवीत वर्षभर तेच तं वाचलं." तिने स्टेजकडे पाहिलं. "टेकला नव्हता. खाली माहा हात होता. हाताचा चिखल लागला झेंड्याले. तेच सांगत होती मी त्या दिवशी."

"मग आता सांग ना."

"आता कायले? त्यायची सभा आहे." आणि तुमसरची गाडी चुकेल म्हणून ती निघाली, झाडाखालच्या सायकलींमधून वाट काढत.

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पडवीत दाढी करत होते. मी म्हटलं, "बाबा, कोपरा जमिनीले टेकलाच नव्हता. तिचा हात होता खाली."

वस्तरा गालावर थांबला. आरशात त्यांचे डोळे मला दिसत होते. मी वाट पाहत होते. मला वाटलं आता ते तिचं नाव घेतील, कानाचं विचारतील, ती कुठे राहते ते तरी विचारतील.

"टेकला नव्हता," ते म्हणाले, "तं मग मी धुतला कायले?"

मरेपर्यंत ते एवढंच विचारत होते. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते, माणसं ओळखू येत नव्हती, पण पावसाचे दिवस आले, शाळेतून राष्ट्रगीताचा आवाज आला की पांघरूण फेकून उठायला पाहायचे, आई त्यांचे खांदे धरायची, आणि ते तिला विचारायचे, "मी धुतला कायले व?" आई म्हणायची, "मळला होता जी." मग ते पडायचे. आईने त्यांचं सगळं केलं. फक्त त्यांच्या अंगावर घालायला म्हणून कोणी एक जुनं लुगडं मागितलं तेव्हा म्हणाली, "माह्या घरात जुनं लुगडं नाही."

हे सगळं मी पायरीशी उभी राहून किती वेळ आठवत होते कोणास ठाऊक. पडवीतल्या मॅडम एकदम जवळ आल्या. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असावं. "अय्या, तुम्ही गुरुजींच्या कन्या? गावात अजून नाव काढतात त्यांचं. या ना, पोरांना झेंड्याबद्दल दोन शब्द सांगा."

पोरं टाटपट्टीवर बसली होती. मी मॅडमच्या हातातला झेंडा घेतला, घडी घालून दाखवली. केशरी खाली, हिरवा खाली, दोन्ही बाजू मध्ये. बोटांना सगळं आठवत होतं. मग झेंडा तळव्यांवर घेऊन उभी राहिले. पोरं पाहत होती. पुढे बसलेल्या एका मुलीने बोट वर केलं. आठ-नऊ वर्षांची असेल, कपाळावर पावसाने ओघळलेलं कुंकू.

"आजी, खाली पडला तं?"

"उचलायचा," मी म्हटलं.

"मग?"

"मग धुवायचा."

"अन् पाडणाऱ्याले?"

मॅडम हसल्या. सगळा वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही, उत्तराची वाट पाहत राहिली.

"काही नाही," मी म्हटलं. तिला पटलं नाही. तिने शेजारच्या पोरीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं, की तिने दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली दाबून धरले होते.